घरचा संगणक : एकसंध की सुटा?

जी वस्तू आपण वर्षातून अनेकदा घेतो तिच्या निवडीत झालेली चूक पुढच्या खेपेस सुधारता येते. परंतु जी वस्तू मध्यमवर्गीय कुटुंब सात-आठ वर्षांतून एकदा, आणि तीही मुलीचा अभियांत्रिकीचा प्रवेश, वडिलांची सेवानिवृत्ती किंवा दिवाळीचा बोनस असे काही निमित्त साधून घेते, तिच्या बाबतीत दुकानात अर्ध्या तासात केलेल्या निश्चयाचे परिणाम त्या कुटुंबाला दीर्घकाळ भोगावे लागतात. घरचा संगणक ही अशाच वस्तूंपैकी एक होय. अलीकडे संगणकाच्या दुकानाच्या दर्शनी भागात मानाचे स्थान मिळविलेला ऑल-इन-वन, म्हणजे पडदा, प्रोसेसर, रॅम, साठवण, स्पीकर आणि कॅमेरा हे सारे एकाच सडपातळ देहात सामावून घेणारा संगणक, पाहताक्षणीच मनात भरतो; टेबलाखाली कॅबिनेट नाही, वायरींचे जंजाळ नाही, भिंतीपर्यंत जाणारी एक वायर जोडली की काम सुरू. या यंत्राविषयी माझे मत मी प्रारंभीच नमूद करतो : बहुसंख्य मराठी घरांनी, विशेषतः जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबांनी, ते घेऊ नये, सुटा मॉनिटर आणि त्याला जोडलेला लहान संगणक घ्यावा, आणि ज्यांना ते घ्यावयाचेच असेल त्यांनी काही अटी पदरात पडल्यावाचून पैसे मोजू नयेत.

या मताची कारणे सांगण्यापूर्वी एक गोष्ट निःसंदिग्धपणे मान्य केली पाहिजे, ती ही की घरात टेबलावर ठेवलेला, सर्वांच्या मालकीचा संगणक असणे ही आजही चैन नसून गरज आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत लक्षावधी मुलांनी हाताएवढ्या मोबाइलवर शाळा शिकली, आणि त्या वर्षाने आपल्याला एवढे तरी शिकविले असावे की दीर्घ उतारा वाचणे, निबंध टंकित करणे, आकृती काढणे, दोन मजकूर शेजारी ठेवून त्यांची तुलना करणे, ही कामे लहान पडद्यावर नीट होत नाहीत. सातबाऱ्याचा उतारा, आयकराचे विवरणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, पेन्शनरांचा हयातीचा दाखला ही सारी कामकाजे आता संगणकावर आली आहेत, आणि ती स्वतःच्या घरी, स्वतःच्या डोळ्यांदेखत करता येणे हा नागरिकाच्या स्वावलंबनाचाच एक भाग आहे. शिवाय बैठकीच्या खोलीत ठेवलेल्या मोठ्या पडद्यावर मूल काय पाहते, काय लिहिते, हे घरातल्या मोठ्यांच्या सहज नजरेस पडते. मोबाइल मात्र ज्याच्या हातात असतो त्याचाच होऊन बसतो. तेव्हा घरात संगणक असावा की नसावा हा आपला वाद नाही. तो कोणत्या बांधणीचा असावा, एवढाच प्रश्न आहे.

एकसंध संगणकाची कल्पना नवी नाही आणि ती हलकीही नाही. १९८४ साली अ‍ॅपल कंपनीने बाजारात आणलेला मॅकिन्टॉश हा अवघ्या नऊ इंची कृष्णधवल पडद्याचा एकसंध संगणकच होता, आणि १९९८ साली त्याच कंपनीने निळसर पारदर्शक कवचाचा आयमॅक काढला तेव्हा, संगणक म्हणजे करड्या पेट्यांची रास, ही लोकांच्या मनातील प्रतिमा पालटून गेली. यंत्र विकत घेणाऱ्याने त्याच्या अंतर्भागाची चिंता करू नये, त्याने केवळ बसावे आणि काम करावे, हा त्यामागचा विचार सामान्य माणसाविषयीच्या आस्थेतून जन्मलेला होता. पुढे एचपी, डेल, लेनोव्हो, एसर, आसुस या कंपन्यांनी विंडोजवर चालणारे तसेच संगणक काढले, आणि आज २२ पासून २७ इंचांपर्यंतच्या पडद्यांचे असे अनेक नमुने आपल्याकडे मिळतात. सोय, नीटनेटकेपणा आणि जागेची बचत हे त्यांचे गुण खरे आहेत. माझा आक्षेप त्या गुणांवर नाही, ते गुण मिळविण्यासाठी ग्राहक जी किंमत मोजतो आणि जी त्याला खरेदीच्या दिवशी दिसत नाही, तिच्यावर आहे.

ती किंमत अशी की संगणकाचे निरनिराळे अवयव निरनिराळ्या गतीने वृद्ध होतात. चांगला एलसीडी मॉनिटर दहा वर्षे सहज टिकतो, आणि दहाव्या वर्षीही त्यावरची अक्षरे पहिल्या वर्षाइतकीच वाचता येतात; कारण वाचावयाचा मजकूर आणि वाचणारा डोळा यांच्या गरजा दशकभरात फारशा बदलत नाहीत. प्रोसेसर आणि रॅम यांची स्थिती याहून अगदी भिन्न आहे; दर वर्षी कार्यप्रणाली जड होते, संकेतस्थळे जड होतात, आणि खरेदीच्या वेळी जी रॅम मुबलक वाटली ती पाच वर्षांनी अपुरी पडू लागते. साठवण ही तर सर्वांत नाशवंत, तिचा भरवसा धरून कोणी शहाण्याने छायाचित्रांची एकच प्रत ठेवू नये. अशा विषम आयुष्याच्या वस्तू एकाच कवचात कायमच्या बंदिस्त करणे म्हणजे तरण्या बैलाला म्हाताऱ्या बैलाच्या जोडीने एका जुवाला जुंपणे होय; म्हातारा थकून बसला की तरण्याचीही नांगरट तेथेच थांबते. सुट्या बांधणीत थकलेल्या भागाला रजा देऊन उरलेल्याकडून काम घेता येते, एकसंध बांधणीत बहुधा सर्वांनाच एकदम रजा द्यावी लागते.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. प्रत्यक्ष उदाहरण घ्यावयाचे तर ते या प्रकारच्या सर्वांत उत्तम यंत्राचेच घेऊ. २०१४ च्या अखेरीस अ‍ॅपलने २७ इंची आयमॅकमध्ये ५१२० × २८८० बिंदूंचा, तत्कालीन बाजारात अपूर्व म्हणावा असा पडदा बसविला. २००९ पासूनच्या काही आयमॅकमध्ये अशी तरतूद होती की योग्य वायर जोडून त्याचा पडदा दुसऱ्या संगणकाचा मॉनिटर म्हणून वापरता यावा. या नव्या, अधिक देखण्या यंत्रात मात्र ती तरतूद उरली नाही. त्या यंत्राला मिळालेली शेवटची अधिकृत कार्यप्रणाली २०२० सालची बिग सर ही होय. आज ते यंत्र सुरक्षिततेच्या दृष्टीने कालबाह्य झाले आहे, तथापि त्याचा पडदा अद्याप आजच्या कित्येक नव्या मॉनिटरांहून सरस आहे. आणि तरीही तो पडदा नव्या संगणकाला साधेपणाने जोडता येत नाही. कवच उघडून, स्वतंत्र सर्किट मागवून तो वापरात आणणारे हौशी लोक जगात आहेत, परंतु सामान्य गृहस्थाने असल्या खटाटोपात पडावे अशी अपेक्षा करणे गैर आहे. पुढे मार्च २०२२ मध्ये त्याच कंपनीने २७ इंची आयमॅकची विक्री थांबविली आणि त्याच सुमारास त्याच मापाचा, तितक्याच बिंदूंचा पडदा स्टुडिओ डिस्प्ले या नावाने सुटा, तर संगणक मॅक स्टुडिओ या नावाने निराळा, असा बाजारात आणला. एकसंध संगणकाचा ध्वज ज्या कंपनीने सर्वांत उंच धरला तिनेच मोठ्या पडद्याच्या बाबतीत पडदा आणि यंत्र यांची फारकत केली, ही घटना खरेदीदाराने ध्यानात घेण्याजोगी आहे.

विंडोजच्या वापरकर्त्यांना हाच अनुभव दुसऱ्या मार्गाने आला. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली विंडोज ११ काढताना जी पात्रता ठरविली तिच्यानुसार, काही मोजके अपवाद वगळता, इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर बाद ठरले, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ तेवढी मिळाली. २०१७ साली सातव्या पिढीचा प्रोसेसर असलेले यंत्र ज्यांनी घेतले होते त्यांची ही गोष्ट आहे असे समजा. एकाकडे कॅबिनेट व सुटा मॉनिटर होता; त्याने कॅबिनेट बदलले, मॉनिटर, कीबोर्ड, माउस, स्पीकर तसेच ठेवले. दुसऱ्याकडे ऑल-इन-वन होता. त्याच्यापुढे जुन्या, असुरक्षित प्रणालीवर दिवस काढणे, लिनक्स घालून घेणे किंवा संपूर्ण यंत्र काढून टाकणे हे तीनच मार्ग उरले. यांपैकी लिनक्सचा मार्ग चांगला आहे आणि जाणकाराने तो अवश्य चोखाळावा, परंतु ज्याने कटकट नको म्हणून एकसंध यंत्र घेतले त्याच्यावरच सर्वांत मोठी कटकट यावी, हा व्यवहार न्याय्य म्हणता येणार नाही.

दुरुस्तीचा प्रश्न तर याहूनही निकडीचा आहे. साध्या कॅबिनेटची रचना १९९५ साली इंटेलने ठरविलेल्या एटीएक्स मानकाला अनुसरून असते, आणि त्यामुळे विजेच्या दाबाने एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरविणारा भाग, जळाला तर लातूरच्या किंवा कुडाळच्या बाजारपेठेतला कारागीरही कोणत्याही कंपनीचा एसएमपीएस बसवून तासाभरात यंत्र चालू करून देतो. ऑल-इन-वनचा मदरबोर्ड त्या विशिष्ट मॉडेलसाठीच घडविलेला असतो, त्याचा पंखा, त्याचा पडदा, बहुधा त्याची आतली वायरसुद्धा त्याचीच. म्हणून एखादा भाग गेला की अधिकृत सेवा केंद्र, तेथून मागणी, मग प्रतीक्षा, आणि वॉरंटीची मुदत संपलेली असल्यास जवळजवळ नव्या यंत्राच्या निम्म्या किमतीचे अंदाजपत्रक, असा प्रवास घडण्याचा संभव असतो. पुण्यामुंबईच्या ग्राहकाला तो प्रवास रिक्षाने करता येईल. तालुक्याच्या गावच्या ग्राहकाला पंचवीस इंची पडद्याचे यंत्र मूळ खोक्यात घालून एसटीने जिल्ह्याला न्यावे लागते. आपल्या राज्याच्या निमशहरी भागात संगणक टिकतो तो कंपनीच्या सेवेमुळे कमी आणि गावातल्या कारागिराच्या हातामुळे अधिक, आणि ज्या यंत्रात त्या कारागिराचा हात शिरूच शकत नाही ते यंत्र आपल्या परिस्थितीला अनुरूप नाही, असेच म्हणावे लागेल.

यात भर म्हणून ध्यानात घ्यावयाची बाब अशी की पडद्यामागील जागा अरुंद असल्याने बहुतेक एकसंध संगणकांत लॅपटॉपच्याच जातीचा, कमी ऊर्जा खाणारा प्रोसेसर आणि लॅपटॉपचीच आखूड रॅम बसविलेली असते. घरगुती कामाला ती पुरते. परंतु लॅपटॉपचे सामर्थ्य घेऊन लॅपटॉपचे दोन मोठे लाभ, म्हणजे उचलून नेण्याची सोय आणि वीज गेली तरी काम चालू ठेवणारी बॅटरी, हे मात्र ग्राहक गमावतो. वीज गेली की ऑल-इन-वन तत्क्षणी बंद पडतो, आणि ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे त्यांनीही तो यूपीएस मोडवर ठेवला नसेल तर वीज पालटण्याच्या त्या क्षणात न जतन केलेला मजकूर नाहीसा होऊ शकतो. कोकणातील दमट हवा आणि मराठवाड्यातील उन्हाळ्याची धूळ यांमध्ये अरुंद देहातला पंखा चोंदतो, आणि तो स्वच्छ करण्यासाठी पडद्याला हात घालावा लागत असल्याने ते काम कोणी सहसा करीत नाही. पुष्कळशा नमुन्यांचा स्टँड केवळ मागेपुढे झुकतो, वरखाली होत नाही. आणि ज्या घरात बारा वर्षांचा मुलगा आणि त्याचे आजोबा एकाच खुर्चीवर आळीपाळीने बसतात, तेथे पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस आणता न येणे ही मानेच्या आरोग्याची बाब ठरते.

याला पर्याय काय, तर तो सुदैवाने सोपा आहे. मॅक मिनी २००५ सालापासून बाजारात आहे आणि त्याचा २०२४ चा नमुना तर चारी बाजूंनी अवघा १२.७ सेंटिमीटरचा आहे. विंडोजवर चालणारे तळहाताएवढे मिनी पीसीही आता अनेक कंपन्या विकतात. पुष्कळ मॉनिटरांच्या पाठीवर १०० × १०० मिलिमीटर अंतरावर चार छिद्रे असतात, ती व्हेसा मानकाची होत. त्या छिद्रांवर लहानशी पट्टी बसवून मिनी पीसी पडद्यामागे अडकविता येतो, आणि मग समोरून पाहणाऱ्याला तो एकसंध संगणकच वाटतो. मॉनिटरचा स्टँडच त्या छिद्रांवर बसत असेल, तर तोच पीसी टेबलाच्या खालच्या अंगाला अडकवावा. वायर एकाऐवजी दोन-तीन होतील हे खरे, पण त्या बांधून ठेवता येतात. चोवीस इंची चांगला मॉनिटर दहा हजार रुपयांच्या आसपास मिळतो, आणि तो एकदा घेतला की त्याच्या आयुष्यात दोन संगणक येऊन जातील. मुलगी वसतिगृहात जाणार असेल तर लॅपटॉप आणि घरी मॉनिटर, ही जोडी अधिक शहाणपणाची; सुट्टीत ती घरी आली की एक वायर जोडून तिला मोठा पडदा मिळतो, आणि एरवी तोच मॉनिटर घरातल्या जुन्या लॅपटॉपला उपयोगी पडतो. ज्यांना गेमिंगची वा व्हिडिओ संपादनाची आवड आहे त्यांच्यासाठी अर्थातच पूर्ण आकाराचे कॅबिनेट हाच मार्ग, त्याविषयी वाद नाही.

तथापि काही घरे अशी आहेत की जेथे ऑल-इन-वन हीच योग्य निवड ठरेल, आणि त्यांच्यावर माझे मत लादणे अन्यायाचे होईल. ज्या वृद्ध दाम्पत्याची मुले परदेशी आहेत, ज्यांना व्हिडिओ कॉल, बँकेचे व्यवहार आणि वर्तमानपत्र एवढेच हवे आहे, आणि ज्यांना कोणती वायर कोठे जाते हा विचारच भेडसावतो, त्यांना कॅमेरा, स्पीकर, माइक अंगभूत असलेले आणि एका बटणावर चालू होणारे यंत्र मनःशांती देते; त्या शांतीची किंमत हिशेबाच्या वहीत मावत नाही. गिरगावातल्या किंवा लालबागेतल्या एका खोलीत चौघांचा संसार आहे, तेथे टेबलच वीतभर रुंद असेल तर जागेचा हिशेब बाकी सर्व हिशेबांना मागे सारतो. दवाखान्याच्या स्वागतकक्षात किंवा दुकानाच्या गल्ल्यावर, जेथे यंत्राला एकच ठरावीक काम आहे आणि ते बंद पडल्यास दुसरे मागविण्याची ऐपत व्यवसायात आहे, तेथेही ते शोभते आणि चालते. या सर्वांत समान धागा एवढाच की त्यांनी सोयीची किंमत समजून उमजून स्वीकारलेली असते.

अशा खरेदीदारांनी निदान पुढील गोष्टींची खातरजमा करून घ्यावी. बाहेरून चित्र आत घेणारे एचडीएमआय-इन छिद्र यंत्राला आहे काय, हा पहिला आणि सर्वांत मोलाचा प्रश्न. कारण ते असेल तर आतला संगणक थकल्यावरही पडदा मॉनिटर म्हणून नव्या यंत्राच्या सेवेत राहू शकतो. केवळ एचडीएमआय लिहिलेले पाहून समाधान मानू नये, कारण पुष्कळदा ते चित्र बाहेर पाठविण्यापुरतेच असते. दुसरा प्रश्न असा की रॅम बदलता येते की मदरबोर्डला कायमची जोडलेली आहे. २०२१ पासूनच्या २४ इंची आयमॅकमध्ये ती बदलता येत नाही, म्हणून तेथे पहिल्याच दिवशी पुरेशी घ्यावी लागते, आणि आजच्या मानाने १६ जीबीहून कमी घेऊ नये. साठवण एसएसडी असावी. स्वस्त नमुन्यांत अद्याप फिरती हार्ड डिस्क आढळली तर ते यंत्र तेथेच सोडावे. वॉरंटी तीन वर्षांची आणि ऑनसाइट, म्हणजे तंत्रज्ञ घरी येईल अशी असावी, आणि ती आपल्या पिनकोडला लागू आहे हे दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर न सोपविता पावतीवर लिहून घ्यावे.

हा प्रश्न मात्र एकट्या ग्राहकाच्या सावधपणावर सोडून देण्यासारखा नाही, आणि येथे शासनाचे कर्तव्य उपस्थित होते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढून लॅपटॉप, टॅब्लेट, ऑल-इन-वन संगणक, अतिलघु संगणक आणि सर्व्हर यांच्या आयातीवर परवान्याचे निर्बंध घातले, दुसऱ्याच दिवशी त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली, आणि १ नोव्हेंबरपासून आयात-व्यवस्थापनाची सौम्य पद्धत अंगीकारली. म्हणजे हा जिन्नस देशात किती यावा याची चिंता सरकारला आहे. तो आल्यावर किती वर्षे टिकावा याची चिंताही तितक्याच तत्परतेने केली जावी, एवढीच माझी मागणी आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनी उत्पादकावर जुन्या यंत्रांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आहे, हे उत्तमच. परंतु चांगला पडदा मोडून त्यातून धातू काढण्यापेक्षा तो पडदा आणखी पाच वर्षे वापरणे हे पर्यावरणाच्या दृष्टीने केव्हाही श्रेयस्कर. फ्रान्सने २०२१ पासून लॅपटॉप, दूरचित्रवाणी संच, मोबाइल इत्यादींवर दुरुस्तीयोग्यतेचा गुणांक छापणे बंधनकारक केले. आपल्याकडेही २०२२ साली ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. या प्रयत्नांना एक नेमके कलम जोडावे : भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑल-इन-वन संगणकाला बाहेरून चित्र घेण्याची सोय असलीच पाहिजे, आणि पडदा व मदरबोर्ड किती वर्षे सुट्या भागांच्या रूपाने उपलब्ध राहतील ते खोक्यावर छापलेच पाहिजे. हे कलम उत्पादकाला जड जाणारे नाही. काही नमुन्यांत ती सोय आजही दिलेली आढळते, म्हणजे ती देता येते हे सिद्धच आहे.

ते कलम अस्तित्वात येईपर्यंत ग्राहकाच्या हाती एकच अधिकार आहे, तो म्हणजे नकाराचा, आणि त्याने तो संकोच न बाळगता वापरावा. दुकानात यंत्राच्या देखणेपणाची वाखाणणी जरूर करावी, मग वर सांगितलेले प्रश्न शांतपणे विचारावेत, आणि समाधानकारक उत्तरे न मिळाल्यास शेजारच्या फळीवरचा सुटा मॉनिटर आणि लहान संगणक बांधून मागावा. घरच्या पैशातून घेतलेल्या वस्तूचा प्रत्येक भाग त्याच्या स्वतःच्या आयुष्याच्या अखेरपर्यंत आपल्या उपयोगी पडावा, ही अपेक्षा कंजूषपणाची नाही, कष्टाने मिळविलेल्या द्रव्याविषयीच्या आदराची आहे. आणि पुरेसे ग्राहक ती बोलून दाखवू लागले की उत्पादकांना तिची दखल घ्यावीच लागेल.